सगळेच फोड नागीण नसतात

जेवता जेवता ऐकत असाल तर आधी जेवण उरका, कारण आजचा विषय आहे पाण्याचे फोड. भाजल्यावर येतात ते नाही, नवीन चपलेने येतात तेही नाही. आपल्याच शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच कातडीवर उलटते, त्यातून येणारे फोड. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. त्यामुळे कुठली गोळी घ्या हे मी सांगणार नाही. पहिला फोड आला तेव्हापासून कागदावर रोगाचं नाव येईपर्यंत मधे जो वेळ जातो ना, त्याबद्दल बोलायचंय.

आपल्याकडे अकोल्यात काय, अमरावतीत काय, कुणाच्या अंगावर पाण्याचे फोड दिसले की पहिला शब्द ऐकू येतो तो म्हणजे नागीण. "नागीन हाय बाप्पा हे, उतरून घ्या लागते." मग कुणीतरी पत्ता सांगतं. अमुक गावात एक बुवा आहेत, तमुक गल्लीत एक आजी आहेत. गेरूचा लेप, दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप, वर मंत्र. आणि सोबत ती सगळ्यांना माहीत असलेली भीती, की नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटलं की माणूस हातचा जातो.

आता खरी नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर. लहानपणी कांजण्या होतात, त्याचा विषाणू आपण बरे झालो तरी जात नाही. नसांच्या मुळाशी झोपून राहतो. वय झालं, अशक्तपणा आला की एखाद्या नसेच्या वाटेने कातडीवर येतो. म्हणूनच नागीण एका बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि सहसा शरीराची मधली रेघ ओलांडत नाही. दुखते भयंकर, आग होते, पण दोन ते चार आठवड्यांत फोड आपोआप सुकतात. कुणी उतरवली तरी, नाही उतरवली तरी. हां, विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर त्रास कमी होतो, म्हणून नागिणीलाही डॉक्टरकडे जायचंच आहे. पण मुद्दा असा, की जो आजार स्वतःहून बरा होतो त्याच्यावर उपचार करणारा कधी नापास होत नाही. त्या बुवांचा रिझल्ट चांगला असतो, आणि गावात कुणी खोटं बोलत नसतं.

गडबड होते ती नागीण नसलेला माणूस त्याच रांगेत उभा राहतो तेव्हा.

तोंड आणि शेपूट भेटण्याबद्दल माझा आपला एक अंदाज आहे, अंदाज म्हणूनच ऐका. खरी नागीण एकाच बाजूला राहते, म्हणजे तोंड-शेपूट भेटायचा प्रसंग जवळजवळ येतच नाही. मग ही भीती आली कुठून? दोन्ही बाजूंना, छातीवर, पाठीवर, सगळीकडे फोड येणारा एक आजार आहे, पेम्फिगस. आणि १९५० च्या दशकात स्टेरॉइडची औषधं येईपर्यंत या आजाराचे बहुतेक रुग्ण खरोखरच दगावायचे. जुन्या लोकांनी अशी माणसं पाहिली असतील आणि त्यांनाही नागीणच म्हटलं असेल, असं मला वाटतं.

हा आजार किती दुर्मीळ? केरळच्या त्रिशूर जिल्ह्यातला एक अभ्यास २००८ साली छापून आला होता. तिथे दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण ४.४ नवे रुग्ण सापडले. २०११ च्या जनगणनेत अकोला जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाखांवर होती. तोच दर इथे लावला तर वर्षाला आठेक नवे रुग्ण. हा नुसता गुणाकार आहे, मोजणी नाही. पण या गुणाकारातून एक गोष्ट कळते. आठ हा आकडा इतका लहान आहे की गल्लीतल्या डॉक्टरांना आयुष्यात एखादाच दिसेल, आणि इतकाही लहान नाही की आपल्या ओळखीत कुणाला होणारच नाही.

आमच्या घरी झाला. माझ्या मोठ्या आईला. बाहेरच्या ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, बाबांच्या मोठ्या भावाची बायको ती आमच्याकडे मोठी आई. तिच्या अंगावर सुरुवातीला एकही फोड नव्हता. तिचं तोंड आलं होतं.

तोंड येणं यात आपल्याला काही वाटत नाही. ठेचा खाल्ला, जागरण झालं, पोट साफ नाही, बी-कॉम्प्लेक्स घ्या. आणि खरंच, साधे छाले एक-दोन आठवड्यांत जातातही. मोठ्या आईचे गेले नाहीत. गालाच्या आतून, हिरड्यांवर, घशाजवळ, एक भरत आला की दुसरा. "मले भाकर खावल्याच जात नाही," म्हणायची. दुधात पोळी चुरून खायला लागली, मग तेही झोंबायला लागलं. तोंडावरच्या जेलच्या ट्यूबा झाल्या, दातांच्या डॉक्टरांकडे दोन चकरा झाल्या, वजन उतरलं. चौथ्या महिन्यात छातीवर पहिला फोड आला आणि शेजारच्या काकूंनी लगेच त्याचं नाव ठेवलं. काय ठेवलं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच.

पेम्फिगस व्हल्गॅरिस या प्रकारात बहुतेकांचं असंच होतं, सुरुवात तोंडातून. तोंडातला फोड मात्र फोड म्हणून कधी दिसत नाही. तिथलं आवरण इतकं नाजूक, की घास लागला की फुटतं आणि मागे राहते ती लाल, वेड्यावाकड्या कडांची जखम. म्हणून रुग्ण छाले म्हणतो आणि ऐकणाराही छाले समजतो. त्यात आपला भाग खर्ऱ्याचा. तोंडात काही झालं की खर्रा खाणाऱ्याला कॅन्सरची धास्ती, आणि न खाणाऱ्याला कसलीच नाही. खरं तर दोघांनाही एकच नियम लागू आहे. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर तिचं कारण शोधायला हवं. खर्रा असो वा नसो.

आता हे होतं कसं ते सांगतो. मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

कातडीचा वरचा थर विटांच्या भिंतीसारखा आहे. पेशी म्हणजे विटा. या विटा एकमेकींना सिमेंटने नाही, तर टिचबटणांनी जोडलेल्या आहेत. ब्लाउजला असतात ती, अर्धं बटण या बाजूला, अर्धं त्या बाजूला, दाबलं की टिच. प्रत्येक पेशीच्या चारही बाजूंना अशी बटणं, आणि बटणाचा जो धरून ठेवणारा भाग आहे त्या प्रथिनाचं नाव डेस्मोग्लीन. त्याचे आपल्या कामाचे दोन प्रकार, एक नंबर आणि तीन नंबर. भिंतीची सगळ्यात खालची रांग पायावर बसलेली असते. तिथे खालच्या अंगाला अर्धीच बटणं असतात, पेशी पायाला पकडून ठेवणारी. या पायाला डॉक्टर बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात.

पेम्फिगसमध्ये शरीर डेस्मोग्लीनच्या विरोधात अँटिबॉडी बनवतं. म्हणजे विटा-विटांमधली बटणं सुटतात. पेशी एकमेकींपासून मोकळ्या होतात आणि मधे पाणी भरतं. हा फोड भिंतीच्या आतच तयार होतो, म्हणून त्याचं छत पातळ, चार-दोन विटांचं. तो ढिला, लोळागोळा असतो, पटकन फुटतो, आणि खाली ओली, सोललेली कातडी उघडी पडते. रुग्णाला खाज फारशी नसते, आग आणि वेदना असतात.

दुसरा आजार पेम्फिगॉइड, पूर्ण नाव बुलस पेम्फिगॉइड. इथे विटांमधली बटणं शाबूत असतात. सुटतात ती पायाकडची अर्धी बटणं, आणि आख्खी भिंतच पायावरून उचलली जाते. छत जाड, म्हणून फोड टणक, ताणलेला, बोटाने दाबला तरी लगेच फुटत नाही. दिवसचे दिवस तसाच टिकतो. तोंड बहुधा वाचतं. आणि खाज! खाज इतकी, की माणूस झोपत नाही.

एक थर वर किंवा खाली, एवढाच फरक. पण त्यावरून फोडाचं दिसणं बदलतं, रुग्णाचं वय बदलतं, उपचार बदलतात.

मग तोंडच का आधी? याचं उत्तर फार सुंदर आहे. अंगावरच्या कातडीत डेस्मोग्लीनचे दोन्ही प्रकार असतात. वरच्या विटांत एक नंबर जास्त, खालच्या विटांत तीन नंबर. तोंडाच्या आतल्या आवरणात मात्र बहुतेक सगळा भार तीन नंबरवर. आता शरीराने फक्त तीन नंबरविरुद्ध अँटिबॉडी बनवली, तर अंगावर एक नंबर सांभाळून घेतो, बॅकअप असल्यासारखा. तोंडात बॅकअप नाही, म्हणून तोंड सोलवटतं. पुढे एक नंबरविरुद्धही अँटिबॉडी तयार झाली की अंगावर फोड येतात. आणि पहिल्यापासून फक्त एक नंबरवरच हल्ला झाला, तर त्याला पेम्फिगस फोलिएशस म्हणतात. त्यात तोंड स्वच्छ आणि अंगावर अगदी वरवरच्या खपल्या, साली. पावसाळ्यात लहान पोरांना जे पिवळट पाण्याचे फोड येतात ना, इम्पेटिगो, त्यातल्या फोडवाल्या प्रकारात जिवाणूचं विष हेच एक नंबरचं बटण कापतं. जपानच्या मासायुकी अमागाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे दाखवलं. आजार वेगळा, कारण वेगळं, पण तुटतं तेच बटण.

आता तपासणीकडे. आधी नुसत्या हाताने करायची एक खूण आहे, निकोल्स्की साईन. रशियन डॉक्टर प्योत्र निकोल्स्की यांनी १८९६ मध्ये वर्णन केलेली. फोडाजवळची चांगली दिसणारी कातडी डॉक्टर बोटाने दाबून सरकवतात. पेम्फिगस असेल तर वरचा थर ओल्या कागदासारखा सरकतो. कृपा करून हे घरी करून बघू नका. ती जखम भरायला आठवडे लागतात.

दुसरी झँक टेस्ट, पॅरिसच्या आर्नो झँक यांची, १९४७ ची. फोडाचं छत बाजूला करून तळ हलकेच खरवडायचा, काचेच्या पट्टीवर पसरवायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. पेम्फिगसमध्ये एकमेकींपासून सुटलेल्या, गोल गरगरीत झालेल्या पेशी दिसतात. जोडलेली पेशी चौकटीत बसलेली असते, सुटली की गोल होते. ही तपासणी स्वस्त आहे, थोड्या वेळात होते, आणि जिल्ह्याच्या गावीही होऊ शकते. त्यातून संशय पक्का होतो, निदान नाही. खऱ्या नागिणीत याच तपासणीत वेगळंच चित्र येतं, अनेक केंद्रकं असलेल्या मोठमोठ्या पेशी. म्हणजे नागीण आहे की नाही हा वाद एका काचेच्या पट्टीवर मिटू शकतो.

निदान होतं बायोप्सीने. आणि इथे मला तुमचं पूर्ण लक्ष हवंय, फोन बाजूला ठेवा. म्हणजे ऐकताय फोनवरच, पण समजून घ्या.

कातडीचे दोन तुकडे लागतात. पहिला तुकडा ताज्या, लहानशा फोडाचा, कडेच्या कातडीसकट. शक्य असेल तर एक-दोन दिवसांतला फोड, कारण जुना झाला की तळाकडून नवीन कातडी भरू लागते आणि फोड कुठल्या थरातला होता ते कळत नाही. हा तुकडा फॉर्मलिनमध्ये जातो. त्याचे पातळ काप काढून रंगवले की भिंत कुठे फुटली ते समोर दिसतं. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये सगळ्यात खालची रांग पायाला धरून उभी असते, पण शेजारच्या विटेपासून सुटलेली. एकेकटी, ताठ. डॉक्टरांच्या पुस्तकात याला थडग्यांची रांग म्हणतात. पेम्फिगॉइडमध्ये भिंत सलग दिसते, खाली पोकळी, आणि त्या पोकळीत इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची गर्दी.

दुसरा तुकडा फोडाचा नाही. फोडाच्या शेजारच्या, दिसायला चांगल्या कातडीचा. कारण इथे फूट शोधायची नाहीये, फुटायच्या आधी येऊन चिकटलेली अँटिबॉडी शोधायची आहे. फोडात ती उद्ध्वस्त झालेली असू शकते. या तपासणीचं नाव डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स, डॉक्टर डीआयएफ म्हणतात. चमकणारा रंग जोडलेलं रसायन कापावर टाकायचं, अंधाऱ्या खोलीत खास सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. पेम्फिगसमध्ये प्रत्येक पेशीभोवती हिरवी चमक येते, शेताच्या कुंपणाची जाळी असावी तशी. पेम्फिगॉइडमध्ये पायावर एकच सरळ हिरवी रेघ. आणखी एक आजार आहे, डर्मॅटायटिस हर्पेटिफॉर्मिस, गव्हातल्या ग्लुटेनशी संबंधित. त्यात ठिपके दिसतात, आणि अँटिबॉडीही वेगळी, आयजीए. जाळी, रेघ, ठिपके. एखाद्या पोराला दाखवलं तरी फरक ओळखेल.

पण हा दुसरा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला की संपलं. फॉर्मलिन प्रथिनांचा आकार बिघडवतं आणि ती चमक मिळत नाही. त्यासाठी वेगळं द्रावण असतं, मिशेल्स मीडियम, त्यात तुकडा बरेच दिवस टिकतो. ते नसेल तर साधं सलाईनसुद्धा चालतं, पण साधारण एका दिवसाच्या आत लॅबमध्ये पोचायला हवं. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगनमधल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये दाखवलं, की २४ तास सलाईनमध्ये ठेवलेल्या तुकड्यात चित्र उलट जास्त स्वच्छ येतं.

आमच्या घरी काय झालं सांगतो. कुठे झालं ते सांगत नाही, कारण हे कुठेही होऊ शकतं. बायोप्सी झाली. दोन तुकडे घेतले, बरोबर घेतले. आणि दोन्ही एकाच बाटलीत टाकले, फॉर्मलिनच्या. बाटली बाहेरगावी गेली. आठवड्याने निरोप आला की दुसरी तपासणी करता येत नाही, नवीन तुकडा पाठवा. म्हणजे मोठ्या आईला पुन्हा भूल, पुन्हा टाका, पुन्हा थांबणं. आणि या सगळ्या दिवसांत अंगावर रोज नवे फोड. टाके घालणाऱ्या डॉक्टरांचा हात चांगला होता, रिपोर्ट लिहिणारेही हुशार होते. मधे बाटली भरणाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही सर्व्हर चालू होते, मधला फॉरमॅट चुकला होता.

म्हणून घरच्या माणसाने हा प्रश्न विचारायला हरकत नाही: "डॉक्टर, डीआयएफसाठीचा तुकडा वेगळ्या बाटलीत जाणार ना?" बस्स. उद्धटपणा नाही यात. त्वचेच्या डॉक्टरांना तर असं विचारणारा नातेवाईक आवडतो, हा माझा अनुभव. दुसऱ्या वेळी आमच्या दादाने ती बाटली थर्मासमध्ये घालून रात्रीच्या गाडीने स्वतः नेली. सकाळी लॅब उघडायच्या आधी दारात.

या तपासणीचा इतिहास फार जुना नाही बरं का. १९५३ पर्यंत पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड हे दोन वेगळे आजार आहेत हेच नीट ठरलेलं नव्हतं. वॉल्टर लीव्हर या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली फोडाचा थर बघून ते वेगळे केले. मग १९६४ मध्ये अमेरिकेत अर्न्स्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांना पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तात कातडीविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. तोवर हा आजार कशाने होतो यावर नुसते तर्क होते. आता रक्तातून डेस्मोग्लीन एक आणि तीनविरुद्धच्या अँटिबॉडी मोजता येतात. आकडा उतरतोय की चढतोय यावरून उपचार लागू पडतोय का याचा अंदाज येतो.

पेम्फिगॉइडबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण तो आपल्या आजी-आजोबांचा आजार आहे. युरोपात पेम्फिगॉइड जास्त आणि पेम्फिगस कमी. आपल्या देशात उलट, पेम्फिगस जास्त, आणि तोही तिकडच्यापेक्षा कमी वयात, अगदी तिशी-चाळिशीतही. पण आपल्याकडेही म्हातारी माणसं वाढतायत. पेम्फिगॉइडची लबाडी अशी की फोड यायच्या आधी कित्येक आठवडे, कधी महिने, नुसतीच खाज असते. लालसर चट्टे, गांधीसारखे. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा अंग खाजवणाऱ्या आजोबांना घरचे काय म्हणणार? घामोळ्या. हिवाळ्यात म्हणणार, कातडी कोरडी पडली, तेल लावा.

त्यात एक औषधाचा धागा आहे. मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये ग्लिप्टिन नावाचा गट आहे. त्यातल्या काही गोळ्यांचा, विशेषतः व्हिल्डाग्लिप्टिनचा, पेम्फिगॉइडशी संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलाय. भारतात व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट २०१९ च्या शेवटी संपलं, गोळी स्वस्त झाली आणि खूप लोकांपर्यंत पोचली. ही चांगलीच गोष्ट आहे, ती घेणाऱ्या बहुतेकांना काहीही होत नाही. तेव्हा हे ऐकून आजोबांची गोळी बंद करू नका, साखर वाढली तर ते वेगळंच संकट. पण आजोबांना महिनाभर खाज आहे आणि ते मधुमेहाची गोळी घेतात, तर त्वचेच्या डॉक्टरांसमोर गोळ्यांची पाकिटं ठेवा. नावं आठवून सांगू नका, पाकिटंच न्या.

उपचारांबद्दल थोडक्यात. स्टेरॉइडने जीव वाचू लागले, पण महिनोन्‌महिने मोठा डोस म्हणजे साखर, हाडं, जंतुसंसर्ग. आज या रुग्णांना सगळ्यात मोठा धोका जंतुसंसर्गाचाच असतो. इथे आपल्या देशाचं एक मोठं काम आहे. दिल्लीच्या एम्समधले डॉ. जे. एस. पसरीचा यांनी १९८० च्या दशकात पल्स पद्धत आणली. दर २८ दिवसांनी तीन दिवस सलग सलाईनमधून डेक्सामेथासोन, त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइडही, आणि मधल्या काळात रोज सायक्लोफॉस्फामाइडची छोटी गोळी. पेम्फिगसवरचा त्यांचा अहवाल १९८४ मध्ये आला. पुढे देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत ही पद्धत वर्षानुवर्षं चालली, कारण औषधं स्वस्त होती. आता जास्त करून रिटक्सिमॅब वापरतात. हे औषध अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या मुळावरच येतं. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या ९० रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. रिटक्सिमॅब आणि थोडे दिवस स्टेरॉइड घेतलेल्या ४६ पैकी ४१ जण दोन वर्षांनी औषधाशिवाय बरे होते. नुसतं स्टेरॉइड घेतलेल्या ४४ पैकी १५. हे औषध महागच, पण २००७ पासून भारतीय कंपनीने बनवलेलं मिळतं, त्यामुळे निदान आवाक्यात यायची शक्यता तरी आहे.

लसूण-कांद्याबद्दल विचारणारे खूप मेसेज येतील, मला माहितीय. लसणातली गंधकाची द्रव्यं पेम्फिगस वाढवत असावीत असा संशय जुना आहे, सिद्ध झालेलं नाही. तोंड सोललेलं असताना लसणाचा ठेचा कुणाला जाणारच नाही, तेव्हा तो प्रश्न तसाही सुटतो.

घरी सांभाळणं हा वेगळाच धडा आहे. सोललेल्या कातडीला चादर चिकटते. सकाळी उठवताना चादरीबरोबर कातडी येते, आणि तो आवाज ऐकायला लागू नये कुणाला. आमच्या वॉर्डातल्या एका नर्सताईंनी केळीची पानं आणायला सांगितली. मला वाटलं घरगुती तोडगा असेल. नंतर वाचलं तेव्हा कळलं, मुंबईच्या सायन हॉस्पिटलमधल्या डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांवर केळीच्या पानांच्या ड्रेसिंगचा रीतसर अभ्यास केलाय, २००३ मध्ये छापून आलाय. त्याच्याही आधी, १९८५ मध्ये, मुंबईतच डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग केलं होतं. पान जखमेला चिकटत नाही, काढताना दुखत नाही, आणि स्वस्त. शेजारी जळगाव जिल्हा असताना केळीच्या पानांना काय तोटा! मात्र पान निर्जंतुक करूनच वापरायचं असतं, तेव्हा दवाखान्यात विचारून करा, अंगणातलं तोडून थेट लावू नका.

आणि हा आजार लागत नाही. एका ताटात जेवून नाही, एका पलंगावर झोपून नाही, फोडातलं पाणी हाताला लागून नाही. हे मला तीन-तीनदा सांगावं लागलं, आमच्याच नातेवाइकांना. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी आख्खी वसाहत उभी केली, कारण गावाने त्यांना बाहेर काढलं होतं. कातडीवर काही दिसलं की माणसाला लांब ठेवायचं, ही आपल्या भागाची जुनी सवय आहे. मोठ्या आईचा चहाचा कप वेगळा ठेवला गेला होता काही दिवस. कुणी ठेवला ते विचारलं नाही आम्ही. तिने स्वतःच तो धुऊन बाकीच्या कपांत परत ठेवला.

एक शेवटची कामाची गोष्ट, ती खास तुमच्यासाठी, कारण फोन तुमच्याच हातात असतो. त्वचेच्या डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत फोड फुटलेला असतो. म्हणून फोड दिसला त्या दिवशी फोटो काढा. उजेडात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून, आकार कळावा म्हणून. एक जवळून, एक लांबून, दोन्ही बाजू दिसतील असा. तोंडाच्या आतलाही काढा, टॉर्च लावून. फोटोवर तारीख असतेच. कुठे आधी आला, तोंडात का अंगावर, खाज आहे का आग, फोड ढिला होता का टणक, हे नोट्समध्ये दोन ओळींत लिहा. व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर टाकू नका, तिथे दहा मिनिटांत नागिणीचे चार पत्ते येतात.

मोठी आई आता कशी आहे, हे विचारालच. सहा महिन्यांनी एकदा रक्त तपासायला जाते. परवा फोनवर वांग्याच्या भाजीत तिखट कमी पडलं म्हणून सुनेवर चिडली होती.

चला, आज एवढंच.